जिथे बूट रुततात

शनिवारी आठ वाजता शाळेची पिवळी बस
आम्हा एकोणीस जणांना खाजणाच्या कडेला उतरवते.
वॉटसनव्हिलवरचं धुकं तेव्हा समुद्राकडे परतलेलं नसतं.
मिस ओकाम्पो रबरी बूट वाटतात.
माझ्या मापाचे कधीच उरत नाहीत,
म्हणून मी आईचे जुने घालून येते:
एक काळा, एक हिरवा,
दोन्हींत वर्तमानपत्राचा बोळा.

काम तसं सोपं.
लव्हाळ्याची बोटभर रोपं चिखलात खोचायची,
बाटलीत पाणी भरून त्यात कागदाची पट्टी बुडवायची.
पांढरी राहिली तर बरं,
गुलाबी झाली तर नायट्रेट.
आमची गुलाबीच होते.
"लग्नातल्या कागदी फुलांसारखी," एलेउतेरिओ म्हणतो.
कुणी हसत नाही, मग सगळेच हसतात.

"हे येतं कुठून?" पाणलोट खात्याच्या बाई विचारतात.
त्यांच्या नकाशावर निळ्या रेघा,
प्रत्येक ओहोळाला नंबर.
आम्ही गप्प.
समोर टेकडीवर स्ट्रॉबेरीचे प्लास्टिकने झाकलेले वाफे
आणि वाफ्यांवर वाकलेल्या पाठी.
त्यातली एक मला इथूनही ओळखू येते,
डावीकडे जरा कललेली.
बोट दाखवलं तर आधी कुणाला लागेल?
खत टाकणारे हात मालकाचे नसतात,
मालकाचं फक्त खत असतं.
मी वहीत लिहिलं: उगम अज्ञात.

रात्री ते दोन शब्द कुशीवर वळू देईनात.
आम्ही मिश्तेक. आमच्या भाषेत आमचं नाव
पावसाची माणसं.
पावसाच्या माणसांनी पाण्याबद्दल खोटं लिहावं?

पहाटे चुलीपाशी आईला सांगून टाकलं.
तिनं तव्यावरची तोर्तिया उलटली.
"अज्ञात? मला विचारायचंस की.
कुठं पाणी मुरतंय
ते माझ्या पायांना अकरा वर्षं ठाऊक आहे."

वाचनालयाच्या खोलीत सभा.
आई तिच्या भाषेत बोलली,
मी ते स्पॅनिशमध्ये आणलं,
दुभाष्यानं इंग्रजीत.
दोन मोऱ्या ओलांडून वाक्य पलीकडे पोचेपर्यंत
आई पुढचं बोलून मोकळी झालेली असायची.
तिनं नकाशा उलटा फिरवला
(ती समुद्र वरून बघते, टेकडीवरून)
आणि बोट ठेवलं,
जिथे एकही निळी रेघ नव्हती.
"इथे. वाफ्याखाली मालकाच्याही आधीचा पाइप आहे.
पाऊस झाला की इथे बूट रुततात.
माझा एक अजून आत आहे."
"नकाशात इथे काहीच नाही," एक गृहस्थ म्हणाले.
दुभाष्यानं आणलं, मी आणलं.
आई म्हणाली, "बूट तरी कुठं आहे नकाशात?"

मग तिनं आणखी एक विचारलं.
पोरांना प्रमाणपत्र मिळतं, ठीक.
मोठ्यांनी दाखवायला यायचं, कामाचा दिवस बुडवून,
तर तासाला किती?
हे भाषांतर करताना माझे कान तापले.
बाईंनी पेनाचं टोपण काढलं, लावलं,
पुन्हा काढलं आणि लिहून घेतलं.

पाइप सापडला, मार्चमध्ये,
तिनं दाखवल्या जागेपासून चार पावलांवर.
तोंडाशी हिरवा साका, वास अंड्यासारखा.
आता तिथे आडवा चर आहे, चरात आमची लव्हाळी;
निम्मी बदकांनी उपटली, निम्मी धरली.
नकाशावर नवी रेघ आली. नाव नाही, नंबर: सतरा-ब.
आईला तासाचे पैसे मिळाले, दोनदा.
तिसऱ्या वेळचे कागद अजून कुठल्याशा टेबलावर आहेत.

पट्टी आजही गुलाबी होते,
जरा फिकी, की मलाच तसं वाटतं?
एलेउतेरिओ ती उन्हाला धरून बघतो
आणि काहीच म्हणत नाही.

बूट नाही सापडला.
परवा आई चराच्या काठावर उभी होती,
माझ्या पायांकडे बघत.
"हिरवा टाकून दे," म्हणाली, "गळका आहे तो."
मी टाकला नाही.
त्यातून पाणी आत येतं,
थंडगार,
आणि मला कळतं मी कुठे उभी आहे.